एक किलोचं भोक

लेथ थांबवला, पोकळ स्पिंडलमधून मागच्या बाजूने एक लाकडी दांडा आत सारला आणि हलकेच ठोकलं. फेसप्लेटवर आवळलेल्या लोखंडी प्लेटच्या मधोमध एक चकती कागदाएवढ्या पापुद्र्याला धरून उभी होती. ती सुटली आणि माझ्या तळहातावर आली. अजून ऊन होती. व्यास ९० मिलिमीटर, जाडी २० मिलिमीटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर आकडा एक किलोपाशी येऊन थांबला.

भोक म्हणजे काही नसलेली जागा, असं आपण धरून चालतो. त्या दुपारी ते भोक माझ्या हातात होतं आणि भाजीवाल्याच्या मापाएवढं जड होतं.

निमित्त साधं होतं. एका मित्राच्या रसवंतीच्या चरकाला बेअरिंग बसवायचं होतं. ६२११ नंबरचं बेअरिंग: आतला व्यास ५५, बाहेरचा १००, रुंदी २१ मिलिमीटर. त्यासाठी २० मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलच्या प्लेटला बरोबर १०० मिलिमीटरचं आरपार भोक हवं. मोठ्या कारखान्यात हे काम कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण घरामागच्या शेडमध्ये, अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरवर चालणाऱ्या छोट्या लेथवर ते करायला घेतलं, की धातू, वर्तुळ आणि उष्णता यांच्याशी जवळून ओळख होते.

पहिला विचार ड्रिलचाच येतो. आज आपण वापरतो ते पिळाचं ड्रिल अमेरिकेतल्या स्टीफन मोर्सच्या १८६३ च्या पेटंटापासून जगभर पसरलं, आणि लेथच्या टेलस्टॉकमधल्या निमुळत्या खोबणीला आजही त्याचंच नाव आहे. घरच्या लेथला बहुधा दोन नंबरचा मोर्स टेपर असतो. त्यात बसणारी नेहमीची ड्रिलं २३ मिलिमीटरच्या आसपास संपतात. १०० मिलिमीटरचं ड्रिल मिळालं, तरी ते फिरवायला लागणारी ताकद आणि आत रेटायला लागणारा जोर माझ्या लेथकडे नाही.

शिवाय ड्रिलच्या पोटात एक अडचण दडलेली आहे. त्याचं टोक जवळून पाहा. दोन्ही धारा मध्यावर एकमेकींना थेट भेटत नाहीत, त्यांच्यामध्ये एक बारीक आडवी कड असते. ही कड कापत नाही. ती धातूला चिरडते आणि बाजूला ढकलते. म्हणून मोठ्या ड्रिलआधी छोट्या ड्रिलने वाट करून द्यायची पद्धत आहे, म्हणजे मधल्या कडेपुढे चिरडायला काही उरतच नाही.

मधल्या कडेची ही गत का होते, ते मळणी पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. खळ्यात तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैलांची पात फिरते. आतल्या बैलाला जवळजवळ जागच्या जागी वळायचं असतं, कडेच्या बैलाला मात्र तेवढ्याच वेळात सगळं खळं पालथं घालावं लागतं. फेरा दोघांचाही एकच, चाल मात्र वेगळी. फिरत्या लोखंडातही असंच आहे. अगदी मध्यावर चाल शून्य, आणि चालच नसेल तर धार काय कापणार? उलट कडेला चाल इतकी वाढते, की जपलं नाही तर टूलची धारच जळून जाते.

हायस्पीड स्टीलच्या टूलला माइल्ड स्टीलवर मिनिटाला साधारण २५ मीटरची चाल मानवते. १० मिलिमीटरच्या ड्रिलसाठी याचा अर्थ मिनिटाला सुमारे ८०० फेरे. १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर तीच चाल हवी, तर फेरे फक्त ८०. मोठं भोक पाडताना लेथ किती संथ फिरतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही. वेग कमी करणारा बॅक गिअर टाकला की जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, एखाद्या पाणचक्कीसारखा सावकाश वळू लागतो, प्रत्येक फेरा डोळ्यांनी मोजता येतो, आणि तरीही पोलाद सोलून निघत असतं.

आता सगळं भोक कीस करूनच काढायचं ठरवलं तर? १०० मिलिमीटर व्यास आणि २० मिलिमीटर जाडी म्हणजे १५७ घनसेंटिमीटर पोलाद, सव्वा किलोला थोडं कमी. एक घनमिलिमीटर माइल्ड स्टील कापायला ढोबळमानाने अडीच ज्यूल ऊर्जा लागते. हिशेब केला तर सगळ्या भोकाला जवळपास चार लाख ज्यूल होतात. तेवढ्यात सव्वा लिटर पाणी माठातल्या थंडाव्यापासून उकळीपर्यंत जाईल.

पाण्याची ही तुलना मी उगीच आणलेली नाही. १७९८ साली काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने रॉयल सोसायटीपुढे म्युनिकच्या शस्त्रागारातला एक प्रयोग मांडला. तोफांना भोकं पाडताना धातू इतका का तापतो, हे त्याला कळत नव्हतं. त्याने मुद्दाम बोथट हत्यार घेतलं, तोफेचा तुकडा पाण्याच्या पेटीत ठेवला आणि घोड्यांच्या बळावर यंत्र फिरवलं. अडीच तासांनी पेटीतलं पाणी उकळू लागलं. आग कुठेच नाही आणि एवढं पाणी उकळतंय, हे पाहून जमलेली माणसं थक्क झाली. उष्णता हा पदार्थात साठवलेला एखादा द्रव असेल, तर तो कधीतरी संपायला हवा. इथे घोडे फिरत होते तोवर उष्णता निघतच राहिली. उष्णता म्हणजे गती, या विचाराकडे नेणाऱ्या वाटेवरचा एक मोठा टप्पा एका भोकातून निघाला. माझ्या टूलवरून निळसर झालेली चिप गरगरत खाली पडते, तेव्हा प्रत्येक वेळी मला ती पेटी आठवते.

पण सगळं भोक कापायची गरजच नाही. गरज आहे ती फक्त त्याची कड कापायची.

या युक्तीला ट्रेपॅनिंग म्हणतात. एक अरुंद टूल प्लेटच्या तोंडावर टेकवायचं आणि गोल चर खणत आत जायचं. आतला गाभा चकती होऊन अख्खा बाहेर येतो. शब्द शस्त्रक्रियेतून आला आहे. कवटीला गोल भोक पाडण्याच्या प्राचीन उपचाराचं हे नाव, आणि त्याच्या मुळाशी भोक पाडायच्या हत्याराचा ग्रीक शब्द आहे. काश्मीरमधल्या बुर्झाहोम इथे नवाश्मयुगीन दफनात अशी छिद्रं पाडलेली कवटी सापडली आहे. जगात इतरत्र मिळालेल्या कित्येक कवट्यांमध्ये छिद्राच्या कडेचं हाड पुन्हा भरून आलेलं दिसतं, म्हणजे माणसं त्या उपचारानंतर जगली. लोखंडाशी ओळख होण्याच्या कितीतरी आधी माणसाला ही युक्ती उमगली होती.

माझा चर ४ मिलिमीटर रुंद होता, बाहेरची कड ९८ मिलिमीटर व्यासावर. त्यातून निघालेला कीस सुमारे १८५ ग्रॅम. शेवटी भोक ९८ वरून १०० करताना आणखी ५० ग्रॅम. बाकीचा किलो चकती म्हणून शाबूत. लागणारी ऊर्जाही तशीच घटते: सव्वा लिटर पाण्याच्या जागी पाव लिटर. दोन कप चहाच्या आधणाएवढ्या ऊर्जेत पोलादातून किलोभराचा तुकडा वेगळा होतो. हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला, तेव्हा मी तो तीनदा तपासला.

चर खणणाऱ्या टूलला एक खास आकार द्यावा लागतो. एकात एक ठेवलेल्या दोन गोल डब्यांमधल्या फटीत सरळ पट्टी घालून पाहा. पट्टीचे कोपरे बाहेरच्या डब्याला अडतात. टूलचंही तसंच होतं. धार नीट कापत असते, पण तिच्याखालचा सरळ दांडा चराच्या बाहेरच्या भिंतीला घासू लागतो. म्हणून टूलची बाहेरची बाजू ग्राइंडरवर वर्तुळाच्या मापाने गोलसर घासून घ्यायची. भोक जितकं मोठं, तितकी ही गोलाई सौम्य लागते. चरात कीस अडकू द्यायचा नाही, तेल सारखं सोडत राहायचं, आणि घाई करायची नाही.

आणि आरपार जायचं नाही. चालू लेथवर चकती पूर्ण सुटली तर ती तिरपी होऊन टूलमध्ये अडकते, आणि मग काय काय तुटेल ते सांगता येत नाही. म्हणून मी निम्मा चर एका बाजूने खणला, प्लेट उलटली, दुसऱ्या बाजूने खणत गेलो आणि मध्ये पापुद्रा उरला तेव्हा थांबलो. प्लेट उलटताना मध्य केसभर सरकतोच. ९८ वर थांबायचं कारण तेच. दोन्ही बाजूंच्या चरांत पडलेला फरक पोटात घ्यायला चहूबाजूंनी एक मिलिमीटर शिल्लक ठेवलेला होता.

तो एक मिलिमीटर काढायचं काम बोअरिंगचं, आणि मला विचाराल तर खरं नवल तिथे सुरू होतं.

ड्रिलने पाडलेलं भोक म्हणजे ड्रिलचा ठसा. ड्रिल २० चं असेल तर भोक २० चं, आणि ड्रिल वाकडं गेलं तर भोकही वाकडं. बोअरिंगचं टूल म्हणजे मात्र एका दांड्याच्या टोकाला बसवलेला एकच छोटा दात. त्या दाताला गोलाई माहीत नाही, १०० मिलिमीटर म्हणजे किती तेही माहीत नाही. तो नुसता एका जागी स्थिर असतो. वर्तुळ घडतं ते समोर फिरणाऱ्या लोखंडामुळे, लेथच्या अक्षामुळे. खळ्यातला तिवडा निदान डोळ्यांना दिसतो, हा अक्ष दिसतही नाही. पण भोकाची गोलाई, सरळपणा आणि मध्य ही सगळी त्याचीच देणगी. हाच एक दात २५ चं भोक करतो, १०० चं करतो, आणि लेथच्या आवाक्यात असेल तर २०० चंही.

जुनं भोक वाकडं असलं तरी तो त्याच्या मागे जात नाही. जिकडे लोखंड जास्त आहे तिकडे जास्त खातो, कमी आहे तिकडे कमी. पहिल्या फेरीत अर्धा फेरा नुसती हवा आणि अर्धा फेरा खरखर असा आवाज येतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत हवेचा भाग आखडत जातो, आणि मग एक क्षण असा येतो की आवाज अखंड होतो. भोक मध्यावर आलं, हे डोळ्यांआधी कानांना कळतं.

भोकाची गोलाई हत्यारातून नाही, अक्षातून येते, हे समजायला माणसाला फार काळ लागला. विजापूरच्या किल्ल्यावरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ओतली गेली. तिच्या नळीचा व्यास ७० सेंटिमीटरच्या घरात आहे. त्या काळच्या अशा तोफांची पोकळी कापून काढत नसत. साच्यात मधोमध गाभा उभा करून भोवती धातू ओतत आणि गाभा फोडून काढत. पोकळी जशी ओतली तशी मिळे. तोफेला ते चाले, कारण गोळा आणि नळी यांच्यात थोडी फट राहिली तरी निभावतं.

वाफेच्या इंजिनाचं मात्र निभावेना. जेम्स वॉटने १७६९ साली, वाफ सिलिंडरबाहेर निववणाऱ्या वेगळ्या कंडेन्सरचं पेटंट घेतलं, पण सिलिंडर गोल मिळेना. पिस्टनच्या कडेने वाफ निसटे. जुन्या इंजिनांत पिस्टनवर पाणी ओतून फट बुजवत. वॉटला तेही करता येईना, कारण त्याची सगळी कल्पनाच सिलिंडर गरम ठेवण्यावर उभी होती. त्या वेळच्या बोअरिंग यंत्रात कापणारं डोकं एका लांब दांड्याच्या मोकळ्या टोकाला असे. दांडा आपल्याच वजनाने लोंबे आणि डोकं ओतीव पोकळीच्या उंचसखल वाटेने जाई.

वेल्समधल्या बर्शमच्या कारखान्यात जॉन विल्किन्सनने १७७५ च्या सुमाराला दांडा सिलिंडरच्या आरपार घातला आणि त्याला दोन्ही टोकांना आधार दिला. कापणारं डोकं त्या दांड्यावरून पुढे सरकू लागलं. ऐकायला केवढीशी गोष्ट वाटते! पुढच्या वर्षी वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टनने कौतुकाने कळवलं, की टिप्टनच्या इंजिनासाठी केलेल्या ५० इंची सिलिंडरमध्ये एका जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक कुठे नाही. सव्वा मीटरहून मोठं भोक आणि एका नाण्याएवढी खोट. वाफेच्या युगाला एवढं पुरेसं होतं.

दांडा एका टोकाने धरला की काय होतं, ते घरच्या लेथवर दर वेळी अनुभवाला येतं. टूलपोस्टमधून बाहेर आलेल्या बोअरिंग बारची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच जोराने तो आठपट वाकतो. उलट जाडी दुप्पट केली, तर तो सोळापट ताठ होतो. म्हणूनच मोठ्या भोकाचा एक दिलासा आहे: ते पाडायला अवघड, पण एकदा वाट झाली की आत मनगटाएवढा जाड बार जातो. अरुंद आणि खोल भोकात बारीक बार गळाच्या काठीसारखा लवत राहतो. जाड बारही थोडा लवतोच. शेवटचा कट झाल्यावर डायलला हात न लावता टूल पुन्हा एकदा आत पाठवा, तरी केसासारखा बारीक कीस निघतो. आधीच्या फेरीत वाकलेला बार आता सरळ होत असतो.

कधीकधी बार गाऊ लागतो. एक फेरा होताना टूल थरथरलं तर भिंतीवर बारीक लाटा उमटतात, पुढच्या फेऱ्यात टूल त्याच लाटांवर चढतं-उतरतं आणि थरथर वाढत जाते. मातीच्या रस्त्यावर गाड्यांच्या चाकांखाली आडव्या वळ्या पडतात, तसंच काहीसं. फेरे थोडे कमी करा, लाटांचा ताल चुकतो आणि गाणं थांबतं.

जॉब इतका मोठा किंवा बोजड असेल की तो फिरवताच येत नाही, तेव्हा काही हौशी कारागीर थेट विल्किन्सनकडे जातात. जॉब एरवी टूल वाहणाऱ्या क्रॉस स्लाइडवर घट्ट बांधायचा, दोन सेंटरांच्या मध्ये बार फिरवायचा आणि कॅरेजने जॉबच पुढे सरकवायचा. चक आणि टूलपोस्ट यांनी आपापली कामं बदलून घेतलेली असतात. इंग्लंडमधल्या मायफर्ड एमएल७ या छोट्या लेथच्या क्रॉस स्लाइडला टी आकाराच्या खाचा आहेत. त्यांनी असा जॉब बांधता येतो. हौशी मंडळींनी त्यावर लहान इंजिनांची सिलिंडरं बोअर केली आहेत.

या पद्धतीचं गणित मला फार आवडतं. फिरवणारा अक्ष बेडला ५०० मिलिमीटरमागे एक मिलिमीटर तिरका आहे असं समजा. जॉब फेसप्लेटवर फिरवून बोअर केला, तर २० मिलिमीटर जाडीतच भोकाचा व्यास एका तोंडापेक्षा दुसऱ्या तोंडाला ०.०८ मिलिमीटरने वेगळा येईल, आणि बेअरिंगच्या कामात ही फार मोठी चूक आहे. तेवढाच तिरका बार दोन सेंटरांमध्ये फिरवला, तर भोक निमुळतं होऊच शकत नाही, कारण दात बारवर एकाच जागी आहे आणि जॉब सरळ सरकतो आहे. भोक किंचित लंबगोल होतं, पण किती? १०० मिलिमीटरमागे ०.०००२ मिलिमीटर. हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

माझी प्लेट छोटी होती, ती फेसप्लेटवरच राहिली. क्रॉस स्लाइडचा डायल अर्ध्या दशांशाने सरकवला की भोक एका दशांशाने वाढतं, हे दर कटाला मनात म्हणत मी ९९.९ पर्यंत आलो. आणि मग लेथ बंद करून चहा घ्यायला गेलो.

हा चहा कामाचाच भाग आहे. बेअरिंगच्या अशा भोकासाठी एच ७ हे माप पाळायची रीत आहे. १०० मिलिमीटरच्या भोकाला त्यात सूट मिळते ०.०३५ मिलिमीटरची, साधारण केसाच्या निम्म्या जाडीची. पोलाद मीटरमागे दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. प्लेट कापताना ३० अंशांनी तापली असेल, तर १०० मिलिमीटरचं भोक ०.०३६ ने मोठं झालेलं असतं. सगळी सूट एकट्या उष्णतेने खाऊन टाकली! गरम प्लेटवर माप बरोबर आलं म्हणून थांबलो असतो, तर निवल्यावर बेअरिंग आत गेलंच नसतं.

तापल्यावर लोखंड फुगतं तर भोक आक्रसायला हवं, असं पुष्कळांना वाटतं. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलेल्यांना तसं वाटणार नाही. लाकडी चाकापेक्षा थोडी लहान लोखंडी धाव जाळात लाल करतात. तिचा घेर वाढतो, आतली मोकळी जागाही वाढते, ती चाकावर अलगद उतरते आणि वरून पाणी मारलं की करकचून आवळते. भोकाला स्वतःचं लोखंड नाही, तरी ते भोवतालच्या लोखंडाच्या प्रमाणातच वाढतं, जणू तिथे चकती अजून आहेच.

प्लेट हाताला गार लागली. शेवटचा कट दिला, मग डायल न हलवता आणखी दोन फेऱ्या. आतली भिंत रेशमासारखी दिसत होती. बेअरिंगला तेलाचं बोट लावलं, तोंडावर सरळ धरलं आणि तळहाताने दाबलं. ते जराही न अडखळता सरकत गेलं आणि पलीकडच्या बाजूने ठरल्याप्रमाणे एक मिलिमीटर बाहेर येऊन थांबलं, झाकणाच्या प्लेटने दाबून धरायला पुरेसं.

चकती अजून बाकावर आहे. तिची एक पुली करायची आहे. मधोमध २५ मिलिमीटरचं भोक लागेल. त्याचं वजन भरेल ७७ ग्रॅम.